परभाषेत दुःखी होण्याची सोय

भावना ही माणसाची सर्वांत मौल्यवान ठेव आहे, याबद्दल विचारवंतांचं एकमत आहे. आणि मौल्यवान वस्तू कुठे ठेवायची हे सांगायला काही विचारवंत लागत नाही. ती कपाटात, आतल्या कप्प्यात, जुन्या चादरीखाली ठेवतात. रोजच्या वापरात आणत नाहीत आणि चार लोकांसमोर तर मुळीच काढत नाहीत. सभ्य घरांतून ही ठेव इतकी नीट ठेवलेली असते, की पुढे ती ठेवणाऱ्यालाही सापडत नाही. (कपाट मात्र झाडूनपुसून लख्ख असतं.)

याचा अर्थ सभ्य घरांतून भावना व्यक्तच होत नाहीत, असा कोणी घेऊ नये. होतात, फक्त तोंडाने होत नाहीत. प्रेम असेल तर समोरच्याचा फोन न सांगता चार्जिंगला लावला जातो. राग आला तर भांडी ओट्यावर जरा जोरात ठेवली जातात. पश्चात्ताप झाला तर सफरचंद कापून बशी पुढे सरकवतात आणि सरकवताना खिडकीबाहेर बघतात. काळजी वाटली तर ओरडतात, फारच काळजी वाटली तर फारच ओरडतात. ही पद्धत स्वस्त आहे, टिकाऊ आहे, आणि आजोबा-पणजोबांपासून तिच्यामुळे कुणाचं काही अडलेलं नाही. तिच्यात एकच बारीकशी उणीव आहे. पलीकडच्या माणसाला काही म्हणजे काही कळत नाही.

ज्यांची ही गोष्ट आहे ते गृहस्थ या पद्धतीत निष्णात होते. फ्रिज बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तक्रार विभागाचे प्रमुख. सगळे त्यांना बरंसाहेब म्हणत, कारण त्यांना कोणी काहीही सांगितलं तरी ते 'बरं' म्हणत. बढती मिळाली तेव्हा 'बरं' म्हणाले. ती बढती दुसऱ्याची होती, कागदावर चुकून तुमचं नाव पडलं, असं कळलं तेव्हाही 'बरं'च म्हणाले. आणि शेवटी, या माणसाला कशाचंच काही वाटत नाही म्हणून तक्रारी ऐकायला हाच योग्य, असं ठरून तीच बढती त्यांना पुन्हा मिळाली, तेव्हाही त्यांनी शब्द बदलला नाही.

त्यांच्या विभागाची कार्यपद्धती दृष्ट लागण्यासारखी होती. फ्रिज थंड होत नाही अशी तक्रार आली, की तिला ताबडतोब पोच जाई. 'आपली तक्रार मिळाली. आपल्या भावनांची आम्हांस पूर्ण जाणीव आहे.' त्यानंतर विभाग शांतपणे वाट बघे. उन्हाळ्यात आलेल्या बहुतेक तक्रारी थंडी पडली की आपोआप मिटतात, हे बरंसाहेबांचं स्वतःचं संशोधन. ज्या मिटत नसत, त्यांना दुसरी पोच जाई. कारखान्याला आजवर एकही फ्रिज बदलून द्यावा लागलेला नव्हता, आणि जाणीव मात्र पोत्यांनी दिलेली होती.

घरी त्यांची बायको होती. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर माणसांना खुर्चीत बसवून, डोळ्यांपुढे एकेक काच धरून विचारायची, आता कसं दिसतंय, मघाचं चांगलं की हे चांगलं. आणि माणसं प्रामाणिकपणे उत्तरं द्यायची. मघाचं चांगलं होतं, हे धूसर आहे, जरा मागचं लावा. अशा खऱ्या बोलणाऱ्या लोकांत दिवस घालवून ती संध्याकाळी घरी यायची आणि नवऱ्याला विचारायची, आज दिवस कसा गेला. बाकी दोघांचं उत्तम चाललं होतं. ती त्यांना 'अहो' म्हणे, ते तिला 'अगं' म्हणत, आणि मुलगा परगावी नोकरीला गेल्यापासून घरात या दोन शब्दांना भरपूर जागा झाली होती.

एके दिवशी सकाळी चहा घेताना तिने एक गोष्ट सांगितली. दुकानाचे मालक दुसऱ्या गावात शाखा काढणार होते. ती तिने सांभाळावी, असं ते म्हणत होते. तिची थोरली बहीण त्याच गावात एकटी राहायची, तेव्हा राहायचा प्रश्न नव्हता. घरी महिन्यातून एकदा येणं जमेल. मालकांना तीन महिन्यांत उत्तर हवं होतं. एवढं सांगून ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

बरंसाहेबांना आत काहीतरी झालं. पण आत काय होतं याची चौकशी करायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी कपातला उरलेला चहा संपवला आणि म्हणाले, "बरं."

आता हे 'बरं' म्हणजे जा, की 'बरं' म्हणजे ऐकलं, की 'बरं' म्हणजे चहात साखर कमी आहे, हे तिला कळेना. इतक्या वर्षांत तिला त्यांच्या 'बरं'च्या सगळ्या जाती ओळखता यायला लागल्या होत्या. भूक लागल्याचं वेगळं, सासऱ्यांचं पत्र आल्याचं वेगळं, ताप अंगावर काढत असल्याचं वेगळं. हे त्यांतलं कुठलंच नव्हतं. तिने दोनतीन दिवस वाट पाहिली. बरंसाहेबांनी आपल्या परीने उत्तर दिलं, म्हणजे तिच्या चपलेचा उसवलेला पट्टा शिवून आणला. ती चप्पल घालून दुकानात गेली आणि मालकांना म्हणाली, अजून विचार करते आहे.

नेमक्या याच सुमारास कारखाना विकला गेला. नवे मालक दूरदेशीचे, स्पॅनिश बोलणारे. त्यांनी यंत्रांना हात लावला नाही, पगाराला हात लावला नाही. त्यांना फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती. आपल्या कर्मचाऱ्यांना कसं वाटतं? तसा रीतसर प्रश्न त्यांनी सर्वांना विचारला. अठ्ठ्याण्णव टक्के लोकांनी 'ठीक' असं उत्तर दिलं. उरलेल्या दोन टक्क्यांनी 'ठीकच' असं लिहून आपला विरोध नोंदवला.

हे उत्तर वाचून नव्या मालकांचे धाबे दणाणले. एवढ्या माणसांना एकाच वेळी 'ठीक' वाटतं, तेव्हा तिथे नक्की काहीतरी भयंकर घडलेलं असावं आणि ते सर्वांनी मिळून दडपलेलं असावं, असा त्यांनी तर्क केला. (तर्क तसा चुकीचा नव्हता. फक्त ते कारखान्यात घडलेलं नव्हतं.) कर्मचाऱ्यांना भावना आहेत, पण त्या व्यक्त करायला भाषा नाही, असं निदान झालं, आणि उपाय म्हणून मालकांनी स्वतःची भाषा पाठवली. कामाची वेळ संपल्यावर कारखान्याच्या कँटीनमध्ये स्पॅनिशचा वर्ग सुरू झाला. अक्षरं, आकडे, नमस्कार-चमत्कार भराभर उरकून गाडी थेट मुख्य धड्यावर आली. धड्याचं नाव होतं 'भावना व मनोवस्था व्यक्त करणे'.

शिकवायला एक तरुण मास्तरीणबाई होत्या. त्या बोलताना दोन्ही हात वापरायच्या, त्यामुळे पुढच्या बाकावर कोणी बसत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी गोदामाच्या स्टोअरकीपरला विचारलं, तुम्हाला आत्ता कसं वाटतंय? त्याने ठीक म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, ठीक ही भावना नाही. ज्या शब्दाच्या आधारावर माणसांनी अख्खा संसार रेटला, पोरं वाढवली, म्हातारी माणसं सांभाळली, तो शब्द फळ्यावर लिहून त्याच्यावर काट मारण्यात आली होती. बरंसाहेबांनी आपला शब्द मनातल्या मनात घट्ट धरून ठेवला.

मग बाईंनी वाक्यं दिली. 'एस्तोय त्रिस्ते', म्हणजे मी दुःखी आहे. 'तेंगो सेलोस', म्हणजे मला मत्सर आहे. 'ते एचो दे मेनोस', म्हणजे मला तुझी उणीव भासते. 'तेंगो मिएदो', म्हणजे मला भीती आहे. बाईंनी समजावलं, की या भाषेत भीती वाटत नाही, ती माणसाजवळ असते, छत्री असते तशी. बरंसाहेबांना हे फार पटलं. वाटणं म्हटलं की माणूस अडकतो. जवळ असण्याचं काय, कुणाहीजवळ काहीही असतं, कुणीतरी ठेवायला दिलेलंही असू शकतं. त्यांनी ते वाक्य एकदा म्हणून पाहिलं. काही झालं नाही. छत कोसळलं नाही, कुणी पाठीवर हात ठेवून 'काय झालं हो' असं विचारलं नाही. बाई फक्त म्हणाल्या, उच्चार चांगला आहे.

इथे एका मोठ्या शोधाची नोंद करणं आवश्यक आहे. दुसऱ्याच्या भाषेत मन मोकळं केलं, तर मन मोकळं होतं आणि आपण त्यात नसतो. हा शोध लागल्यावर वर्ग जो सुटला तो आवरेना. स्टोअरकीपर उभा राहिला आणि त्याने पॅकिंगच्या प्रमुखाला स्पॅनिशमध्ये सांगितलं, की खिडकीजवळची खुर्ची तुला मिळाल्यापासून मी तुझ्यावर जळतो आहे. पॅकिंगच्या प्रमुखाने स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं, की मला ते ठाऊक आहे, खिडकीतून डोळ्यावर ऊन येतं, तरी केवळ तू जळावास म्हणून मी तिथे बसतो, मला क्षमा कर. दोघांनी गळामिठी मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामात दोघे मराठीत भेटले, तेव्हा ते नेहमीप्रमाणे एकमेकांशी बोलत नव्हते.

मग मोठे साहेब वर्गाला आले. मोठे साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक, ज्यांच्या केबिनचं दार कधी उघडं दिसलेलं नव्हतं. ते उभे राहिले आणि कुणाशीच बोलत नाही म्हणून आपण किती एकटे आहोत, याचं त्यांनी स्पॅनिशमध्ये इतकं भरभरून वर्णन केलं, की पहारेकरीसुद्धा डोळे पुसू लागला. टाळ्या पडल्या. मोठे साहेब खाली बसले, आणि पुढच्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं की टाळ्या वाजवणारे सगळे आपल्या हाताखालचे आहेत. दुसऱ्या दिवशी कँटीनच्या दारावर सूचना लागली. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, स्पॅनिश वर्गात व्यक्त झालेल्या भावना या केवळ सराव समजण्यात येतील. त्यांची वर्गाबाहेर कोणत्याही प्रकारे दखल घेतली जाणार नाही, तसेच त्यांच्या आधारे कोणीही कोणाशी नेहमीपेक्षा अधिक चांगले अथवा अधिक वाईट वागू नये.'

ही सूचना लागल्यावर वर्गाला बसायला जागा पुरेना. त्या महिन्यात कारखान्यात व्यक्त झालेल्या दुःखाचं प्रमाण आदल्या महिन्याच्या मानाने चारशे टक्क्यांनी वाढलं आणि नव्या मालकांनी आनंदाने अभिनंदन कळवलं. (मराठीतलं दुःख होतं तेवढंच राहिलं, कारण ते मोजायची पद्धत नव्हती.) पुढे ही लाट कारखान्याबाहेर गेली. लग्नाच्या मागण्या स्पॅनिशमध्ये होऊ लागल्या, नकारही स्पॅनिशमध्ये मिळू लागले. एका क्लार्कने तर वडील गेल्याचं सांत्वन करायला आलेल्या लोकांना कँटीनमध्येच बोलावलं, कारण घरी नुसतं बसून राहावं लागत होतं. कुटुंबातल्या माणसांनाही वर्गाला आणायची परवानगी मिळाली.

बायकोने हे ऐकलं आणि विचारलं, मीही येऊ का तुमच्या वर्गाला? बरंसाहेबांनी कशाला म्हणून विचारलं. ती म्हणाली, "बघावं म्हणते, तिथे तुम्ही काय बोलता ते."

"बरं," बरंसाहेब म्हणाले.

ती हुशार निघाली. दिवसभर 'आता कसं दिसतंय' विचारणाऱ्या बाईला 'आता कसं वाटतंय' विचारायला काही जड गेलं नाही. नवऱ्याच्या शेजारी बसून ती भराभर वाक्यं उचलायची आणि मधूनच त्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघायची. बरंसाहेबांना ते आवडायचं, पण त्यासाठीचा शब्द पुढच्या धड्यात होता.

दुकानाच्या मालकांनी दिलेली मुदत संपत आली, त्याच सुमारास मास्तरीणबाईंनी संवादाची तयारी घेतली. विषय होता 'निरोप'. एकाने जायचं, दुसऱ्याने राहायचं, आणि दोघांनी भावना व्यक्त करायच्या. नवराबायकोची जोडी आयतीच हाताशी होती, म्हणून बाईंनी त्या दोघांना पुढे उभं केलं. वर्गाने खुर्च्या सरसावल्या. पुढचं सगळं बोलणं स्पॅनिशमध्ये झालं. वाचकांच्या सोयीसाठी ते इथे मराठीत दिलं आहे. मुळात सगळी क्रियापदं जागच्या जागी होती.

"मी जाते आहे," ती म्हणाली. "मी तुला सांगितलं, आणि तू चहा संपवलास. मी दुःखी आहे. तुला काय वाटतं हे मला कधीच कळलेलं नाही. मी गेले तर तुला काही वाटेल का, एवढंच मला ऐकायचं आहे."

स्पॅनिशमध्ये तिने त्यांना तू म्हटलं. मराठीत हे धाडस तिने स्वप्नातही केलं नसतं. बरंसाहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं. दारावर सूचना जागच्या जागी होती. त्यांना धीर आला आणि ते बोलू लागले.

"मला भीती आहे," ते म्हणाले. "तू गेलीस की संध्याकाळी कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज येणार नाही आणि मी तो ऐकायला बसून राहीन. तू दुकानात असतेस तेव्हा मला तुझी उणीव भासते. तू शेजारच्या खोलीत असतेस तेव्हाही भासते. मी उठून तिथपर्यंत येतो आणि काय बोलायचं ते न कळून पंखा कमी करून परत जातो. जाऊ नकोस."

कँटीनमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरीणबाईंनी डोळे टिपले आणि म्हणाल्या, अप्रतिम, फक्त 'र' थोडा आणखी घोळवा. स्टोअरकीपरने उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि पॅकिंगच्या प्रमुखाने त्याला खाली बसवलं. बायको मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती बरंसाहेबांकडे बघत होती, एखादं गिऱ्हाईक पहिल्यांदा योग्य नंबरची काच लावून समोरची पाटी बघतं तशी.

दोघे चालत घरी निघाले. दुकानं बंद होत होती, शटर ओढल्याचे आवाज येत होते. मग तिने विचारलं, "मघाशी बोललात ते..."

"कसं झालं?"

"छान झालं. खरं होतं का?"

बरंसाहेब चालता चालता थांबले. वर्ग मागे राहिला होता. आता प्रश्न मराठीत आला होता आणि उत्तरही मराठीत द्यावं लागणार होतं. आयुष्यभर पोच देऊन वाट बघितलेल्या माणसाला अशा वेळी एकच गोष्ट सुचते, आणि ती म्हणजे नियम.

"अगं, सराव होता तो," ते म्हणाले. "सूचना नाही का वाचलीस?"

पुढच्या दिव्याच्या खांबापाशी ती म्हणाली, उद्या मालकांना हो सांगते. बरंसाहेबांनी त्यावर काय म्हटलं असेल, हे वाचकांना सांगायची गरज नाही.

यानंतर घरात प्रेमाला नुसता ऊत आला. बरंसाहेबांनी तिच्या बॅगेच्या चाकाला तेल घातलं. बॅगेची चेन अडकत होती, तिच्यावर मेण घासलं. दोन दिवस त्या बॅगेची चाचणी घेतली, म्हणजे ती रिकामी बॅग घेऊन ते गच्चीवर फेऱ्या मारत राहिले. बहिणीच्या गावचं पाणी जड असतं असं कुठूनसं ऐकून ते पाणी गाळायचं यंत्र घेऊन आले. ते बॅगेत बसेना, तेव्हा तिच्यावरच ओरडले, की एवढे कपडे कशाला घेतेस. ती कपडे काढून यंत्र भरत बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. बरंसाहेबांनी ते पाहिलं आणि लगबगीने जाऊन सफरचंद कापून आणलं. एका नवऱ्याने एका बायकोसाठी जे जे करता येण्यासारखं होतं ते सगळं त्यांनी केलं. फक्त एक वाक्य राहिलं, आणि त्याला तर पैसेही पडत नव्हते.

निघायच्या दिवशी बसस्थानकावर गर्दी होती. बस फलाटाला लागलेली होती, कंडक्टर सामान वर चढवत होता. एका बाकावर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. त्यांच्याजवळ ही दोघं बॅग घेऊन उभी राहिली. बरंसाहेबांनी बॅग खाली ठेवली आणि अगदी शुद्ध, 'र' घोळवून, स्पॅनिशमध्ये तिला सांगितलं की मला तुझी उणीव भासेल, जाऊ नकोस.

बायकोने ऐकून घेतलं. "इथे वर्ग नाहीये," ती म्हणाली. "मला मराठीत सांगा."

"मराठीत?" त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळीकडे मराठी समजणारी माणसं बसली होती. परभाषेत बोललं तर लोकांना वाटतं, माणूस शिकलेला आहे. हेच मराठीत बोललं तर वाटतं, याला घरी कुणीतरी सांभाळून नेलं पाहिजे.

"बाटली घेतलीस ना?" ते म्हणाले.

"घेतली."

"तिकीट?"

"तुमच्या हातात आहे."

बरंसाहेबांनी हाताकडे पाहिलं. तिकिटाची घडी घामाने ओली झाली होती. कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली. ती तिकिटासाठी हात पुढे करून उभी होती आणि ते तिकीट सोडत नव्हते. आणि मग, पेपरवाले म्हातारे गृहस्थ सरळ सरळ पेपर खाली करून बघत असताना, त्यांच्या तोंडून ते निघालं. व्याकरण नाही, उच्चार नाही, आवाज तर भलत्याच कुणाचातरी.

"मला भीती वाटते गं. तू नसलीस की मला त्या घरात भीती वाटेल. वर्गात बोललो ते सगळं खरं होतं. सराव नव्हता. त्या दिवशी चहा घेतानाच म्हणायचं होतं, जाऊ नकोस म्हणून. आलं नाही तोंडात."

बायको बॅगेवर बसली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य शेवटी आलं, तर त्याला द्यायचं उत्तर तिच्याजवळही तयार नव्हतं.

"आधी सांगायचंत," ती म्हणाली.

"थांबली असतीस?"

"माहीत नाही. कदाचित गेलेच असते. मला ती शाखा हवी आहे हो, मला हे काम आवडतं. पण मग रडून गेले असते. आता चिडून निघाले होते. माणसाला निदान नीट रडून तरी जाता यावं."

मग ती नीट रडली. बरंसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ते बसस्थानक होतं हे त्यांना नंतर आठवलं. शब्द दिलेला होता, बस सुटत होती, तेव्हा ती गेली. खिडकीतून तिने सांगितलं की रविवारी या, आणि यंत्र बिंत्र काही आणू नका, असलं काहीतरी बोलायला या. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत ते उभे राहिले. बाकावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पेपर घडी करून ठेवला होता आणि खिशातून फोन काढून ते कुणाचातरी नंबर शोधत होते. तो लागल्यावर ते बराच वेळ हवामानाबद्दल बोलले.

कारखान्यातला धडा यथावकाश संपला. सर्व कर्मचारी भावना व्यक्त करण्यास सक्षम झाल्याचं मालकांना कळवण्यात आलं, दारावरची सूचना उतरवण्यात आली आणि वर्ग पुढच्या धड्याकडे वळला. तो 'रस्ता विचारणे व सांगणे' असा होता. हजेरी निम्म्यावर आली. बरंसाहेब आता वर्गाला जात नाहीत. दर रविवारी ते सकाळच्या बसने जातात आणि वाटेत मनात एक वाक्य जुळवतात. प्रगती मंद आहे. मागच्या रविवारी त्यांनी बायकोला, थोरली मेहुणी समोर बसलेली असताना, तू दिसलीस की मला आनंद होतो असं स्पष्ट मराठीत सांगितलं. मेहुणी उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी लावत राहिली.

आता वाचकांविषयी दोन शब्द. इथपर्यंत येता येता त्यांना बरंसाहेबांची थोडी गंमत वाटली असेल आणि थोडी कीवही आली असेल. बसस्थानकापाशी काहींचा घसा दाटला असेल, हेही आम्ही धरून चाललो आहोत. तिथे त्यांना ज्या माणसाची आठवण झाली, तो माणूस पुष्कळदा फार लांब नसतो. भिंतीपलीकडच्या खोलीत असतो. थोड्या वेळाने तो काहीतरी शोधत या खोलीत येईल, तुमच्या चेहऱ्याकडे बघेल, क्षणभर थांबेल आणि विचारील, काय झालं, काय वाचतेस एवढं, काय वाचताय.

तुम्ही पान मिटाल आणि म्हणाल, "काही नाही."

(स्पॅनिशमध्ये याला 'नादा' म्हणतात. पण त्यासाठी वर्गाला जायची आवश्यकता नाही.)